जन्या भोईरचा हेवा

माझी पहिली पोस्टिंग इंजिनिअर रेजिमेंटच्या एका फील्ड कंपनीत झाली. वय एकोणीस. ट्रेनिंग सेंटरमधून आम्ही नऊ जण एकाच ट्रकने निघालो आणि सकाळी 0720 वाजता कंपनीच्या गेटवर उतरलो. सुभेदार साहेब हातात यादी घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"भोईर. पास्कल. दोनों ठाणे जिला?"

"जी साब."

"बडी."

एवढंच. माझ्या आयुष्यात देवाधर्माचा जो काही घोळ झाला तो या एका शब्दापासून सुरू होतो.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमून देतात. तो बडी. खंदक दोघांचा, पाण्याची बाटली दोघांची. एक झोपला की दुसरा जागा. एकाला ताप आला की दुसऱ्याने त्याचं जेवण लंगरमधून आणायचं. या व्यवस्थेत सगळ्याचा विचार केलेला आहे. बडीचा हेवा वाटला तर काय करायचं, एवढंच कुठे लिहिलेलं नाही.

मी पास्कल. ठाण्याच्या खाडीकाठच्या एका गावठाणातला. आमची घरं पोर्तुगिजांच्या वेळेपासून ख्रिस्ती. आजा मिठागरात राबला, बापाने होडी चालवली. मी चालायच्या आधी वल्हं धरलं असं माझी आई सांगते, आणि आई खोटं बोलत नाही, फक्त वाढवून बोलते. तो गुण माझ्यात उतरला आहे. तरी या लिखाणात वाढवलेलं काही नाही.

जनार्दन भोईर, म्हणजे जन्या, आंबिवलीपलीकडचा. काळू नदीच्या काठी त्यांचं आगरी गाव. वडील लहानपणीच गेले. घरात आई आणि थोरला भाऊ.

आमची ओळख भरतीच्या मैदानावर झालेली. सोळाशे मीटर धावण्यात मी त्याच्या पुढे आलो. हे कुठे नोंदलेलं नाही, म्हणून इथं नोंदवतो. मी पुढे आलो, रांगेत त्याच्या पुढे उभा राहिलो, आणि मला उलटी झाली. सकाळी आईने प्रेमाने चार अंडी खायला घातली होती. मी बाजूला जाऊन परत येईपर्यंत जन्या एक जागा पुढे सरकलेला. मी म्हटलं, "ही माझी जागा." तो म्हणाला, "तुझी जागा तिकडे आहे, अजून ओली आहे."

रांग हसली. रांगेच्या क्रमाने पुढे सर्व्हिस नंबर पडले. त्याचा नंबर माझ्या एक आधी. फौजेत नंबर म्हणजे कुंडली. त्यानंतर अकरा वर्षं प्रत्येक यादीत, प्रत्येक रोल कॉलला, आधी भोईर आणि मग पास्कल. रजेच्या यादीतही तसंच. एकदा रजा त्याच्यापर्यंत येऊन संपली. मी नाताळ एका डोंगरावर डाळ खाऊन काढला. जन्या नाताळात आंबिवलीला होता. कशासाठी, तर घराला रंग द्यायला.

मी जळत होतो. हे त्याच्यापासून लपलेलं नव्हतं. एकदा आम्ही बर्फात पोस्टवर होतो, शेगडीचं रॉकेल जपून वापरायचं होतं. त्याला कंपनी कमांडरांनी सर्वांसमोर शाबासकी दिली होती आणि मी तोंड पाडून बसलो होतो.

"जळतोस?" त्याने विचारलं.

"हो."

"जळ, पास्क्या. मी शेकतो."

असा माणूस. त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. त्याच्या आईकडून सुकटीचं पार्सल आलं की सगळी बॅरक त्याच्या खाटेभोवती. माझ्या आईचंही पार्सल यायचं. त्यात बाटली मसाला आणि एक जपमाळ. जपमाळेभोवती कोणी गोळा होत नाही.

पण खरी जळजळ रविवारची. आमच्या पलटणीत रविवारी सकाळी मंदिर परेड असायची. यात सक्तीपेक्षा रिवाज जास्त. जवानांचा जो धर्म तो पलटणीचा, आणि साहेब कुठल्याही धर्माचा असो, तो जवानांबरोबर हात जोडून उभा राहतो. आमचं सर्वधर्मस्थळ होतं. एका भिंतीला मूर्ती, एका कोपऱ्यात क्रूस, खाली एकच सतरंजी. मी चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला. सूर पक्का, आवाज खणखणीत. मी आरतीला तोंड उघडलं की पंडितजी मान डोलवायचे. आणि मग म्हणायचे, "भोईर, तू शुरू कर." जन्याचा सूर भिंतीला धडकून परत यायचा, पण तो डोळे मिटून गायचा आणि साहेबांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मी कोपऱ्यातल्या क्रूसाकडे बघून हिशेब मागायचो. आमच्या फादरांनी शिकवलं होतं की प्रार्थनेत खोटं बोलू नये. मी बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना हेव्याच्या आहेत. परीक्षेसाठी, आजारी बापासाठी मी प्रार्थना केल्या त्या अर्ध्या लक्षाने. जन्यासाठी मात्र मन एकवटायचं. त्याचा सूर चुकू दे. त्याचा बूट फाटू दे. फार काही मागत नव्हतो.

मग वॉटरमनशिपचा कोर्स आला. मोटरबोट चालवणं, दुरुस्त करणं, पुरात माणसं काढणं. मी मनात म्हटलं, आता बघ. खाडीत जन्मलेला मी आणि नदीत म्हशी धुतलेला तो. सहा आठवड्यांनी निकाल लागला. जन्याला इन्स्ट्रक्टर ग्रेडिंग. मला त्याखालचं.

त्या रविवारी मी क्रूसापुढे नेमकी मागणी केली. मला शब्दन् शब्द आठवतो. म्हटलं, एकदा, फक्त एकदा, भर पाण्यात, सगळ्यांसमोर त्याचं इंजिन बंद पाड.

नंतर आम्ही दोघं नाईक झालो. तो आधी, मी तीन आठवड्यांनी.

त्या ऑगस्टमध्ये आमची कंपनी ठाण्यापासून पाच तासांच्या अंतरावर होती. सकाळी 0540 वाजता मेसेज आला. कल्याणच्या बाजूला पूर, सिव्हिल प्रशासनाने मदत मागितली आहे, दोन बोटी आणि तीस जवान हलवा. 0630 ला आम्ही निघालो. वाटेत कॅप्टन साहेबांनी नकाशा उघडला आणि गाव वाचलं. जन्या म्हणाला, "साब, वो मेरा गाँव है."

मीसुद्धा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढा मी वाईट नव्हतो.

1115 ला आम्ही गावाबाहेरच्या शाळेत पोचलो. शाळा उंचावर होती. पुढे गाव कंबरभर आणि त्यापुढे शेतं, वीटभट्टी, रेल्वेचा भराव, सगळं एक पाणी. कॅप्टन साहेबांनी ऑर्डर दिली. "बोट वन, भोईर. लीड करेगा. बोट टू, पास्कल."

लीड बोट. त्याच्या गावात.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर आहे. बोटीच्या मोटरचा पंखा एका पिनेवर धरलेला असतो. शिअर पिन. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी धातूची काडी. पंखा पाण्याखाली दगडाला, खांबाला आपटला की ही पिन तुटते आणि इंजिन वाचतं. इंजिन चालू राहतं पण पंखा फिरत नाही. बोट प्रवाहाच्या मर्जीवर. सरावलेल्या माणसाला नवीन पिन घालायला चार-पाच मिनिटं लागतात. म्हणून बोटीत जादा पिना असल्याच पाहिजेत. हा नियम आम्हाला कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवला होता आणि पुढे जन्याने तो स्वतः पोरांना शिकवला होता.

जादा पिनांचा डबा त्या दिवशी माझ्याकडे होता. 1130 ला बोटी फुगवून पाण्याशी नेल्या. जन्या इंजिन तपासत होता.

"पास्क्या, पिना दे रे. इथं पाण्याखाली सगळी कुंपणं आहेत."

"डबा गाडीत राहिला. तू हो पुढे, मी आणून देतो."

डबा माझ्या डाव्या खिशात होता. चार पिना.

मला त्याचं वाईट करायचं नव्हतं. मला नाटक करायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण प्रवेश तयार होता. जन्याची पिन तुटते. जन्या सगळ्या गावासमोर, कॅप्टन साहेबांसमोर पाण्यात लटकतो. रेडिओवर मला हाक मारतो. मी माझी बोट घेऊन झोकात येतो, खिशातून पिन काढतो आणि म्हणतो, "इन्स्ट्रक्टर साहेब, ही घ्या." गावाने हसायचं. मग संध्याकाळी मी त्याला रम पाजणार होतो.

पहिल्याच फेरीत त्याने त्याच्या आईला आणलं. घराच्या पत्र्यावरून उचलून, दोन्ही हातांवर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून शाळेच्या पायरीवर ठेवलं. आसपासचे लोक रडायला लागले. कॅप्टन साहेबांनी तोंड वळवलं. आणि मी, मी बोट टू मध्ये एक बकरी घेऊन उभा होतो, माझ्या मनात काय आलं सांगू? माझी आई ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर कोरडी बसली होती. मला तेवढीही संधी नाही.

त्याच्या आईला सगळे आय म्हणायचे. ती पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "जन्या, जेवलास का?" आणि मग माझ्याकडे बघून, "आन् हा कोन? पास्कल ना? हा तर लई सुकला."

दुपारी 1400 पर्यंत आम्ही दोन्ही बोटींनी शंभरावर माणसं काढली. तीन वेळा जन्या माझ्याजवळून गेला. दोनदा त्याने हात पुढे केला, म्हणजे पिना. दोनदा मी हाताने खूण केली, म्हणजे पुढच्या फेरीला. तिसऱ्यांदा त्याने मागितल्या नाहीत.

1425 ला माझा रेडिओ बोलला.

"टू के लिए वन. टू के लिए वन. ओवर."

"वन के लिए टू. भेजो. ओवर."

"पिन गया. सात सवारी. भट्टी से मोरी की तरफ बह रहा हूँ. पिन लेके आ. ओवर."

"आ रहा हूँ. ओवर."

"पास्क्या, जरा लवकर. आउट."

रेडिओवर मराठी बोलायची परवानगी नव्हती. अकरा वर्षांत त्याने हा नियम एकदाच मोडला.

आता जे लिहितो ते मी आधी तीन ठिकाणी तोंडाने सांगितलेलं आहे. ती हाक ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मी मिशीवरून हात फिरवला. वर आभाळाकडे बघून मनात थँक्यूसुद्धा म्हटलं. मग 'मोरी' हा शब्द डोक्यात पोचला. रेल्वेच्या भरावाखाली पाणी काढायला मोरी असते. पूर आला की तीच मोरी तोंड उघडून सगळं आत ओढते.

मी पूर्ण थ्रॉटल दिला. वाटेत बाभळीची कुंपणं होती, वळसा घ्यावा लागला. 1432 ला पोचलो. सात मिनिटं.

बोट वन मोरीच्या अलीकडे तीस-चाळीस पावलांवर विजेच्या एका सिमेंटच्या खांबाला बांधलेली होती. आत सातही माणसं होती. त्यांना जागा व्हावी म्हणून आपला जवान त्याने त्या फेरीला शाळेतच ठेवला होता. एका म्हातारीच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. त्यावर आतल्या बाजूला शाईने भोईर लिहिलेलं. जन्या नव्हता.

बोटीतल्या म्हाताऱ्याने सांगितलं. "दोरी दातात धरून उडी मारलीन. खांबाला गाठ मारलीन. ओढून बघितलीन, पक्की हाय का. मंग हात सुटला."

गाठ मी पाहिली. कोर्समध्ये शिकवतात तशी, एक धागा इकडेतिकडे नाही.

मी मोरीपर्यंत दोनदा गेलो. तिसऱ्यांदा माझ्या बोटीतल्या जवानाने मला पट्ट्याला धरून खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी 0910 वाजता तो भरावाच्या पलीकडे सापडला.

पिन असती तर वाचला असता का? आधी प्रवाहातून बाहेर यायला हवं, मग मोटर वर उचलायची, पिन बसवायची. चार-पाच मिनिटं. तो वाहत किती वेळ होता? चार? सहा? मी तिथं नंतर उन्हाळ्यात जाऊन पावलांनी मोजलं आहे. उत्तर मिळत नाही.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. ड्युटीवर जवान गेला की ती बसतेच. मेजर साहेबांनी वेळा विचारल्या, प्रवाह विचारला, जॅकेटचं विचारलं.

"बोट पूरे सामान के साथ उतरी थी?"

"जी साब," मी म्हणालो.

रिवाजाप्रमाणे अंत्यविधीनंतरही पलटणीचा एक माणूस घरच्यांबरोबर थांबतो. बडी म्हणून मला थांबवलं. दहाव्याला मी युनिफॉर्ममध्ये काळू नदीच्या काठी उभा होतो. पाणी उतरलेलं, काठावर गाळ. पिंड मांडले होते. आता कावळा यायचा आणि शिवायचा. शिवला म्हणजे गेलेल्याची कुठली इच्छा मागे राहिली नाही.

कावळे होते. समोरच्या करंजावर अकरा बसलेले. एकही उतरेना.

थोरला भाऊ पुढे झाला. "जन्या, आयला मी बघीन." कावळे जागचे हलले नाहीत. चुलता म्हणाला, तुझ्या नावाने शाळेला कमान उभी करू. गावातले एकेक पुढे येत होते. बोटीतली ती म्हातारी आली, तिने त्याच्या नावाने दरवर्षी जेवण घालायचं कबूल केलं. एक कावळा खाली आला, पिंडाभोवती चालला आणि परत गेला. भटजी घड्याळ बघायला लागले.

आणि मी तिथंही जळत होतो. खरं सांगतो. आमच्यात माणूस मेला की मिस्सा होतो, माती देतात, चहा होतो. मेल्यावर आख्ख्या गावाने हात जोडून विचारावं की बाबा, तुला अजून काय पाहिजे, असं आमच्यात नाही. मनात आलं, माझ्यासाठी एवढी माणसं उन्हात थांबतील का? त्याच क्षणी समजलं की या सगळ्यांत त्याला नेमकं काय पाहिजे होतं ते फक्त मला माहीत आहे. त्याने ते माझ्याकडे चारदा मागितलं होतं. एकदा तोंडाने, दोनदा हाताने, एकदा रेडिओवर.

मी चार पावलं पुढे गेलो. कावळ्यावर माझी श्रद्धा नाही. माझ्या धर्मात कन्फेशन फादरकडे करतात, अंधाऱ्या खोक्यात, कुजबुजून. मी परेडच्या आवाजात केलं.

"जन्या, पिना माझ्या खिशात होत्या. मी मुद्दाम दिल्या नाहीत. तुझी फजिती व्हावी म्हणून दिल्या नाहीत. तू हाक मारलीस तेव्हा मला आनंद झाला."

मी डोळे मिटले. खात्री होती की आता पंखांचा आवाज येणार.

आला नाही. अकराच्या अकरा करंजावर. देवाने त्या दिवशी मला कसलीही खूण दिली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्रात तशी सोय आहे.

लोक माझ्याकडे बघत होते. थोरल्या भावाने माझी कॉलर धरली. आय उठली, त्याचा हात बाजूला केला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पुन्ना सांग. मना नीट समजला नाय."

मी पुन्हा सांगितलं. पिन म्हणजे काय तेही सांगितलं.

"सायबाला हे सांगलास?"

"नाही, आय. साहेबांना खोटं सांगितलं."

"मंग जा. आदी सायबाला सांग. मंग मना तोंड दाखव."

मी त्याच संध्याकाळी निघालो. दुसऱ्या दिवशी 0900 वाजता कॅप्टन साहेबांच्या टेबलासमोर सावधान उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. 

"तुला कळतंय का तू काय सांगतो आहेस?" साहेब पुण्याचे, पण ऑफिसात माझ्याशी मराठी बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"जी साब."

"आता का?"

"त्याच्या आईने पाठवलं, साब."

समरी कोर्ट मार्शल झालं. माझ्या बाहीवरच्या नाईकच्या दोन्ही फिती गेल्या, मी पुन्हा सॅपर, म्हणजे सगळ्यात खालचा जवान, झालो. ही शिक्षा मला कमी वाटली आणि कमांडिंग ऑफिसर साहेबांना पुरेशी वाटली. त्यांनी एक गोष्ट सुनावली. "उसने जो किया, वो तेरी वजह से छोटा नहीं होता." जन्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. माझ्या पापाचा एक ओरखडाही त्यावर उमटला नाही, उलट गोष्ट ऐकणाऱ्याला तो आणखी मोठाच वाटायचा. आय पदक घ्यायला गेली तेव्हा मी प्रेक्षकांत मागे सॅपर म्हणून उभा होतो, आणि हो, जळत होतो.

देवाकडे माफी मिळते. शिक्षा पाहिजे असेल तर ऑफिसातच जावं लागतं. हे मी अनुभवाने सांगतो, कारण नंतर मी गावठाणातल्या चर्चमध्ये फादरांकडे गेलो. फादर वयस्क, मला लहानपणापासून ओळखणारे. मी त्यांना माझा खरा प्रश्न विचारला. मी प्रार्थना केली होती की त्याचं इंजिन भर पाण्यात, सगळ्यांसमोर बंद पाड. पडलं. आता देवाने माझं ऐकलं असेल तर देव वाईट. ऐकलं नसेल तर मी वाईट. बरेच महिने मी देवाला वाईट ठरवायचा प्रयत्न करत होतो.

फादर म्हणाले, "पास्कल, देवाने ऐकलं नाही. तूच ऐकलंस. तू प्रार्थना केलीस आणि तूच ती पुरी केलीस. त्याला मध्ये घेऊ नकोस."

"मग तो काय करत होता, फादर?"

"सात माणसं बोटीत होती ना?"

"हो."

"मग."

मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण फादरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्या धर्मात देव स्वतःबद्दल सांगतो की तो ईर्ष्यावान आहे. लहानपणी मला ते फार आवडायचं, देव माझ्यासारखा. फादर म्हणाले, फरक आहे. तुला त्या माणसाकडे जे होतं ते पाहिजे होतं. देवाला तो माणूसच पाहिजे असतो. मग प्रायश्चित्त दिलं. दरवर्षी नोव्हेंबरात मृतांच्या मिस्साला नावं वाचतात, त्यात जन्याचं नाव द्यायचं, आणि तू स्वतः येऊन ऐकायचं.

बाही रिकामी घेऊन मी आंबिवलीला गेलो. आय दारात तांदूळ निवडत होती. तिने बाहीकडे पाहिलं.

"सांगलास?"

"सांगितलं."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्यानेच फादरांचं सांगितलं.

"तुमच्या देवलात माझ्या पोराचं नाव?"

"हो."

"कवा? मी येतंय."

ती आली. तेव्हापासून दरवर्षी येते. मी पुढे पुन्हा एकेक फीत कमावली आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. आता वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सिक्युरिटी बघतो, मानपाड्याला राहतो. आता आय थकली आहे, म्हणून मी रिक्षाने आंबिवलीला जातो, तिला घेऊन येतो, पोचवतो. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. वाटेत ती मला शिव्या देते, रिक्षावाल्याला देते आणि घरून आणलेली भाकरी माझ्या हातात देते, या क्रमाने.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. फादर आता नवीन आहेत, तरुण. नावं वाचायला सुरुवात झाली. एकेका नावाला सगळं चर्च गुडघ्यावरून हळू आवाजात प्रार्थना म्हणत होतं. मागच्या वर्षी जन्याच्या नावाला जेवढा आवाज आला तेवढा माझ्या बापाच्या नावाला आला नव्हता, असं मला वाटलं. आयला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"अजून जलतंस का रं त्याच्यावर?" तिने चर्चमध्ये ऐकू जाईल एवढ्याने विचारलं.

"हळू, आय. हो."

"लई?"

"लई."

खांद्यावरचा पदर तिने सारखा केला.

"मंग हाय तो," ती म्हणाली.

फादरांनी नाव घेतलं. नाईक जनार्दन भोईर. सगळे गुडघ्यावर होते. मी सावधान उभा राहिलो.